मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा आधार कोणता: पवित्र शास्त्र, परंपरा की ख्रिस्तसभेचा अधिकार?

प्रश्न: नगरची लेक

आपणा सर्वांस ख्रिस्तामध्ये सलाम. माझे माहेर नगरकडचे आणि प्रोटेस्टंट मंडळीतले. लग्न होऊन मी वसईतल्या कॅथलिक कुटुंबात आले. दोन्ही घरांनी मला प्रार्थना शिकवली आहे, त्यामुळे पुढचा प्रश्न कोणाला हरवण्यासाठी विचारलेला नाही, एवढे कृपया लक्षात घ्यावे.

पोप बारावे पायस यांनी १ नोव्हेंबर १९५० रोजी घोषित केले की, आपला ऐहिक जीवनक्रम पूर्ण झाल्यावर पवित्र मरिया देह आणि आत्मा यांसह स्वर्गीय वैभवात घेतली गेली आणि हे देवाने प्रकट केलेले श्रद्धासत्य आहे. ते जाणूनबुजून नाकारणारा किंवा त्याविषयी संशय धरणारा मनुष्य कॅथलिक श्रद्धेपासून पूर्णपणे ढळला आहे, असेही त्याच घोषणेत लिहिले आहे. माझी अडचण या दुसऱ्या वाक्यापाशी सुरू होते. १५ ऑगस्टला, म्हणजे या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, मी मिस्सेला (कॅथलिक उपासनेला) आनंदाने जाते. देवाने मरियेला सदेह आपल्याजवळ नेले असेल, तर त्यात मला अशक्य असे काही वाटत नाही. जुन्या करारातील संदेष्टा एलीया याच्याविषयी आपण तेच वाचतो. परंतु एलीयाचा वृत्तान्त शास्त्रात लिहिलेला आहे. मरियेचा उल्लेख प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्या अध्यायात, माडीवरच्या खोलीत प्रार्थना करणाऱ्या शिष्यांबरोबर, शेवटचा येतो आणि त्यानंतर तिच्या अखेरीविषयी नव्या करारात कोठेही काही सांगितलेले नाही.

घरात विचारले तेव्हा उत्तर मिळाले की, हे शास्त्रातून नव्हे तर परंपरेतून आले आहे. म्हणून मी परंपरेकडे वळले, आणि तेथे अडचण अधिकच वाढली. सायप्रसमधील सालामिसचे बिशप एपिफानियस यांनी चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात या विषयाचा शोध घेतला होता. मरिया मरण पावली की नाही, तिला पुरले की नाही, हे शास्त्रात सापडत नाही आणि आपणही ते ठरवत नाही, असे ते सांगतात. तिच्या देहान्ताच्या सविस्तर कथा पाचव्या शतकापासून ठळकपणे दिसू लागतात, आणि पोप गेलासियस यांच्या नावावर चालत आलेल्या एका जुन्या यादीत त्यांपैकी एका कथेची गणना त्याज्य ग्रंथांत केलेली आहे.

मग येथे परंपरा या शब्दाने नेमके काय समजावे? प्रेषितांनी तोंडी सांगितलेली गोष्ट असा अर्थ घ्यावा, तर ती चारशे वर्षे कोणापाशी होती? तसा अर्थ नसेल, तर आजच्या ख्रिस्तसभेने ठरवले हाच खरा आधार उरतो, आणि शास्त्र व परंपरा ही दोन नावे त्या निर्णयाला मागाहून जोडली जातात, असे मला वाटू लागते. मरियेचा मान किती ठेवावा, हा माझा प्रश्न नाही. मार्कच्या सातव्या अध्यायातील माणसांच्या परंपरेचा निषेध आणि थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रातील परंपरा धरून राहण्याचा उपदेश ही वचने एकमेकांसमोर ठेवलेली मी लहानपणापासून ऐकली आहेत, त्यामुळे केवळ तेवढ्यावर थांबू नये, अशी विनंती.

उत्तर: धर्मशिक्षक, वसई

ताई, आपण प्रश्न नेमक्या जागी आणून ठेवला आहे, म्हणून मीही आडवळण घेत नाही. प्रेषितांनी खासगीत सांगितलेला आणि कोणीतरी चार शतके जपलेला असा मरियेच्या अखेरीचा वृत्तान्त आमच्यापाशी आहे, अशा दाव्यावर १९५० ची घोषणा उभी नाही. तिच्यात कबरीपाशी हजर असलेल्या साक्षीदाराचा शोध नाही. मरियेला मरण आले की नाही, हेदेखील व्याख्येच्या वाक्यात खुलेच ठेवले आहे. एपिफानियस यांच्या लिखाणाने त्यामुळे माझी श्रद्धा हलत नाही, जरी ते लिखाण दडवून ठेवावे असे मला कधीच वाटले नाही.

परंपरेचा जो अर्थ आपल्याला घरात सांगितला गेला, तो आमच्याकडे अनेक पिढ्यांनी शिकवलेला आहे: काही सत्ये पुस्तकात, उरलेली तोंडी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपुढे, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या जागतिक सभेपुढे, नोव्हेंबर १९६२ मध्ये आलेल्या मसुद्याचे नावच मुळी प्रकटीकरणाचे स्रोत असे अनेकवचनी होते. २० नोव्हेंबरला मतदान झाले तेव्हा परिषदेच्या १,३६८ सदस्यांनी त्या मसुद्यावरची चर्चा थांबवावी असे मत दिले आणि ८२२ जणांनी ती चालू ठेवावी असे म्हटले. थांबवण्यासाठी लागणारे दोन तृतीयांश बहुमत थोडक्यात हुकले होते, तरीही पोप तेविसावे जॉन यांनी मसुदा मागे घेऊन नव्या समितीकडे सोपवला. त्यातून पुढे १८ नोव्हेंबर १९६५ रोजी जो दस्तऐवज संमत झाला, तो शास्त्र आणि परंपरा एकाच दैवी उगमातून येतात असे सांगतो, आणि शिकवण देण्याचा ख्रिस्तसभेचा अधिकार देवाच्या वचनाच्या वर नसून त्याच्या सेवेत आहे असेही स्पष्ट करतो. त्याच दस्तऐवजाच्या आठव्या परिच्छेदात आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. प्रेषितांकडून आलेली परंपरा पवित्र आत्म्याच्या साहाय्याने ख्रिस्तसभेत वाढत जाते, असे तेथे म्हटले आहे. नवे प्रकटीकरण मिळाल्यामुळे ही वाढ होत नाही. जे एकदाच सोपवले गेले त्याचे आकलन भाविकांच्या चिंतनाने, अभ्यासाने, आध्यात्मिक अनुभवाने आणि बिशपांच्या प्रबोधनाने खोल होत जाते. त्या चिंतनाच्या संदर्भात परिषदेने लूकच्या दुसऱ्या अध्यायाचा, म्हणजे सर्व गोष्टी अंतःकरणात ठेवून त्यांचे मनन करणाऱ्या मरियेचाच, निर्देश केला आहे.

आता १९५० कडे वळतो. त्या घोषणेचा मजकूर स्वतःच म्हणतो की, धर्मपित्यांनी (आरंभीच्या शतकांतील ख्रिस्ती आचार्यांनी) आणि ईश्वरविद्येच्या अभ्यासकांनी दिलेल्या सर्व युक्तिवादांचा अंतिम पाया पवित्र शास्त्र हाच आहे. देवदूताच्या तोंडचे कृपापूर्ण हे संबोधन, उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातील स्त्री आणि तिची संतती, करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायातील मरणावरचा विजय, प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायातील सूर्यवस्त्र ल्यालेली स्त्री, हे सारे एकत्र वाचून ख्रिस्तसभा म्हणते की, पापावर आणि मरणावर मिळवलेल्या विजयात जी आपल्या पुत्राशी इतकी जोडलेली होती, तिला त्या विजयाचे फळ आधी मिळाले. जे आपल्या सर्वांना शेवटच्या दिवशी मिळणार आहे, तेच तिला मिळाले. हा पंधराव्या अध्यायापलीकडचा एखादा वेगळाच धर्म नव्हे.

आणि हे एका माणसाने एका सकाळी ठरवलेले नव्हते. १५ ऑगस्टचा सण पूर्वेकडे इसवी सन ६०० च्या सुमारास सम्राट मॉरिस यांच्या आज्ञेने त्या तारखेस सर्वत्र पाळला जाऊ लागला आणि सातव्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये पोप पहिले सर्जियस यांच्या काळी त्याची मिरवणूक निघत होती. १९४६ मध्ये पोप महोदयांनी जगभरच्या बिशपांना पत्र लिहून दोन गोष्टी विचारल्या: हे श्रद्धासत्य म्हणून घोषित करता येईल का, आणि आपले धर्मगुरू व भाविक यांच्यासह आपली तशी इच्छा आहे का. उत्तरे जवळजवळ एकमताने होकारार्थी आली. संपूर्ण ख्रिस्तसभा एखाद्या गोष्टीवर एकदिलाने विश्वास ठेवते तेव्हा पवित्र आत्मा तिला चुकू देत नाही, हा आमचा विश्वास आहे. योहानाच्या सोळाव्या अध्यायातील सर्व सत्यात नेण्याचे वचन आम्ही याच अर्थाने घेतो.

उत्तर: पाळकपुत्र

वरील उत्तर प्रामाणिक आहे आणि ते वाचून मला समाधान वाटले, कारण आमच्या बाजूने ज्या दाव्याशी नेहमी भांडण होते तो दावाच धर्मशिक्षकांनी केलेला नाही. तितक्याच सरळपणे आमची बाजू मांडतो.

केवळ शास्त्र या, सोळाव्या शतकातील प्रोटेस्टंट धर्मसुधारणेच्या तत्त्वाचा अर्थ परंपरा टाकून द्यावी असा नाही. आम्ही प्रेषितांचा मतांगीकार (श्रद्धेचे संक्षिप्त निवेदन) म्हणतो, निकेयाचा मतांगीकार मानतो, बालकांना बाप्तिस्मा देतो. शास्त्रात शब्दशः असेल तेवढेच घ्यावे, असेही आम्ही म्हणत नाही. वेस्टमिन्स्टरचा अंगीकार हे प्रोटेस्टंट श्रद्धानिवेदन १६४० च्या दशकात तयार झाला, आणि शास्त्रातून योग्य व अपरिहार्य अनुमानाने जे निघते तेही बंधनकारक आहे, असे तो सांगतो. आमचा आग्रह अपरिहार्य या शब्दावर आहे.

निकेयाचे उदाहरण येथे नेहमी दिले जाते, म्हणून त्याचा विचार आधी करतो. ३२५ साली निकेया येथील बिशपांच्या परिषदेत पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असे म्हटले गेले, आणि ती संज्ञा शास्त्रात नाही, हे खरे. परंतु पुत्राला निर्मित मानणाऱ्या एरियसच्या मताने जे नाकारले जात होते, ते योहानाच्या पहिल्या अध्यायापासून फिलिप्पैकरांस पत्रापर्यंत पानोपानी भरलेले आहे. त्या संज्ञेने शास्त्रातल्याच गोष्टीला कुंपण घातले. म्हणूनच एकीकडे निकेयासाठी आयुष्यभर हालअपेष्टा सोसणारे अलेक्झांड्रियाचे बिशप अथानेसियस दुसरीकडे सत्य सांगण्यास पवित्र व देवप्रेरित शास्त्रे पुरेशी आहेत असे लिहू शकले. स्वर्गोन्नयनाचे तसे नाही. हे देवाच्या स्वरूपाविषयीचे विधान नव्हे. एका व्यक्तीच्या देहाचे काय झाले याविषयीचे, म्हणजे घडलेल्या घटनेविषयीचे, विधान आहे. एखादी गोष्ट घडणे देवाला शोभणारे होते, एवढ्यावरून ती घडली असे अपरिहार्यपणे सिद्ध होत नाही. करिंथकरांस पत्राचा पंधरावा अध्याय सर्व विश्वासणाऱ्यांविषयी बोलतो आणि त्यांच्यासाठी ख्रिस्ताच्या आगमनाची वेळ ठरवून देतो. मरियेचा अपवाद त्या अध्यायातून निघत नाही. तो बाहेरून आणून त्या अध्यायाच्या प्रकाशात वाचला जातो.

परंपरेच्या कसोटीवरही मला तीच अडचण दिसते. लेरिन्सचे मठवासी व्हिन्सेंट यांनी ४३४ साली कसोटी दिली की, जे सर्वत्र, सर्वदा आणि सर्वांनी मानले ते धरावे. आपण, नगरच्या लेकीने, जी साक्ष पुढे ठेवली आहे ती पाहता सर्वदा हा भाग येथे लागू होत नाही. मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाबाबत, म्हणजे ती गर्भसंभवापासूनच मूळ पापापासून मुक्त होती या शिकवणीबाबत, हे अधिक ठळक दिसते: तेराव्या शतकात थोर कॅथलिक ईश्वरविद्यापंडित थोमस अक्वायनस यांनी ते मत आजच्या अर्थाने स्वीकारले नव्हते आणि तरीही ते संत राहिले, परंतु ८ डिसेंबर १८५४ रोजी ते श्रद्धासत्य म्हणून घोषित झाल्यानंतर तीच भूमिका घेणारा कॅथलिक श्रद्धेबाहेर जातो. एका शतकात ज्याविषयी मोकळीक होती, ते पुढच्या शतकात तारणाशी कसे बांधले जाते, याचे उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

१९७० मध्ये नागपूरला ज्या ऐक्यातून उत्तर भारताची चर्च निर्माण झाली, त्यात अँग्लिकन वारसाही आला. त्या वारशातील एकोणचाळीस कलमांपैकी सहावे कलम मला फार मोलाचे वाटते. तारणासाठी आवश्यक ते सर्व पवित्र शास्त्रात आहे, त्यामुळे जे त्यात वाचता येत नाही किंवा त्यावरून सिद्ध करता येत नाही, ते श्रद्धेचा भाग म्हणून कोणाही माणसाकडून मागू नये, असा त्याचा आशय आहे. मागू नये, असे तेथे म्हटले आहे. मानू नये, असे नव्हे. ताई १५ ऑगस्टला मिस्सेला जातात यावर माझा काहीही आक्षेप नाही. माझा आक्षेप घोषणेतल्या त्याच दुसऱ्या वाक्यावर आहे.

उत्तर: पूर्वाभिमुख

मी मलंकरा ऑर्थोडॉक्स परंपरेतला, जन्माने आणि शिक्षणाने पुण्याचा. आमच्याकडे १ ते १५ ऑगस्ट असा मरियेच्या महानिद्रेचा (तिच्या देहान्ताचा) पंधरा दिवसांचा उपवास असतो आणि घरोघरी तो मनोभावे पाळला जातो. तरीही ही गोष्ट आमच्याकडे श्रद्धासत्य म्हणून कधी घोषित झालेली नाही, आणि ती व्हावी असे कोणाला वाटतही नाही.

वरच्या दोन्ही उत्तरांत शास्त्र आणि परंपरा जणू दोन पक्ष आहेत आणि त्यांच्यात न्याय करायचा आहे, अशी मांडणी राहून गेली आहे, असे मला नम्रपणे वाटते. आमच्या दृष्टीने परंपरा म्हणजे मंडळीमध्ये चाललेले पवित्र आत्म्याचे जीवन, आणि शास्त्र त्या जीवनाचे हृदय आहे. चौथ्या शतकातील बिशप महान बासिल यांनी इसवी सन ३७५ च्या सुमारास पवित्र आत्म्याविषयी लिहिताना अलिखित परंपरेची उदाहरणे दिली आहेत: क्रुसाची खूण करणे, पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करणे, बाप्तिस्म्याच्या पाण्यावरचा आशीर्वाद. ही यादी पाहिली तर सगळी उदाहरणे उपासनेतली आहेत. जगासमोर जाहीरपणे सांगण्याची घोषणा वेगळी आणि उपासनेत मौनाने जपण्याची शिकवण वेगळी, असा भेदही ते करतात. ख्रिस्ताचे मरण आणि पुनरुत्थान प्रेषितांनी चौकात उभे राहून सांगितले. मरियेची महानिद्रा मंडळीने प्रार्थनेत जपली. १९५० मध्ये रोमने दुसऱ्या प्रकारची गोष्ट पहिल्या प्रकारात नेली. तिच्या आशयाशी माझा वाद नाही.

उत्तर: जुने दप्तर

चर्चेत कॅथलिक विरुद्ध प्रोटेस्टंट अशी रेघ सरळ ओढली जाऊ नये, म्हणून इतिहासातील काही गोष्टी येथे मांडतो. हा मतभेद कॅथलिक ख्रिस्तसभेच्या आतही सतत होता.

प्रोटेस्टंट सुधारणेला उत्तर देण्यासाठी भरलेल्या ट्रेंटच्या कॅथलिक परिषदेने ८ एप्रिल १५४६ रोजी चौथ्या बैठकीत आपला निर्णय दिला. त्याच्या मसुद्यात सुवार्तेचे सत्य अंशतः लिखित ग्रंथांत आणि अंशतः अलिखित परंपरांत आहे अशी रचना होती. अंतिम पाठात अंशतः हे दोन्ही वेळचे शब्द गेले आणि लिखित ग्रंथांत व अलिखित परंपरांत एवढेच राहिले. सर्व्हाइट संघाचे प्रमुख आगोस्तिनो बोनुच्ची यांनी परिषदेतच म्हटले होते की, सुवार्तेचे सारे सत्य शास्त्रात आहे, त्याचा केवळ काही अंश नव्हे. किओज्जाचे बिशप नाक्क्यांती यांनी तर शास्त्राला आणि परंपरांना सारख्याच आदराने मानण्याच्या कलमावर अतिशय तीव्र आक्षेप घेतला. ते कलम मात्र कायम राहिले. मसुद्यातील बदल या विरोधामुळे झाला की केवळ भाषेच्या सोयीसाठी, यावर विसाव्या शतकात कॅथलिक विद्वानांत मोठा वाद झाला. ट्युबिंगेनचे योसेफ गायझेलमान यांनी असे मांडले की ट्रेंटने तो प्रश्न खुलाच ठेवला होता. इतर अनेकांना ते पटले नाही. वर उल्लेख झालेल्या १९६२ च्या मतदानामागे हा वाद उभा होता. ट्रेंटने अलिखित परंपरांची यादी दिली नाही, हेही विसरता येत नाही. कोणती परंपरा प्रेषितांची आणि कोणती केवळ जुनी, याचा निर्णय त्यामुळे पुढच्या पिढ्यांवर आला.

शास्त्र म्हणजे कोणते ग्रंथ, हा त्याच वादाचा दुसरा भाग आहे आणि केवळ शास्त्र म्हणणाऱ्यांना तो टाळता येत नाही. १५१९ मध्ये लायप्झिगच्या वादसभेत कॅथलिक पंडित योहान एक (Eck) यांनी शुद्धिस्थानासाठी, म्हणजे मृतांचे आत्मे स्वर्गापूर्वी शुद्ध होतात या शिकवणीसाठी, मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातील बाराव्या अध्यायाचा, म्हणजे मृत सैनिकांसाठी यहूदाने करवलेल्या पापार्पणाचा, आधार दिला. प्रोटेस्टंट सुधारणेचे प्रवर्तक मार्टिन लूथर यांनी उत्तर दिले की, तो ग्रंथ प्रमाण ग्रंथांच्या यादीत नाही. वचन कोणते प्रमाण मानायचे हे त्या वचनातून ठरत नव्हते. नव्या कराराचे २७ ग्रंथ नेमके आजच्यासारखे आपल्याला अथानेसियस यांच्या ३६७ सालच्या पत्रात भेटतात. उत्तर आफ्रिकेत हिप्पो येथे ३९३ मध्ये आणि कार्थेज येथे ३९७ मध्ये ज्या याद्या मान्य झाल्या, त्यांत मक्काबींची पुस्तकेही होती. प्रोटेस्टंट अभ्यासक म्हणतात की मंडळीने ग्रंथांना अधिकार दिला नाही, असलेला अधिकार ओळखला. हे म्हणणे मला पुष्कळ अंशी पटते. तरीही ओळखण्याचे ते काम तीन शतके ज्या समाजाच्या उपासनेत आणि स्मृतीत चालले, त्या समाजाची साक्ष आपण येथे मान्य करतो आणि इतरत्र नाकारतो, एवढे तरी स्वीकारावे लागते.

दुसऱ्या बाजूस, १९५० च्या घोषणेपूर्वी कॅथलिक विद्वान एकमताने तिच्या बाजूचे होते असेही नाही. वुर्झबर्गचे धर्मपितृवाङ्मयाचे अभ्यासक बेर्टोल्ड आल्टानर यांनी पाचव्या शतकापूर्वी या मताचा पुरावा सापडत नाही असे दाखवून दिले होते. पुढे पोप सोळावे बेनेडिक्ट झालेले योसेफ रात्सिंगर त्या काळी म्युनिकमध्ये शिकत होते, आणि आपल्या प्राध्यापकांनी घोषणेपूर्वी झालेल्या विचारणेला ठाम नकारार्थी उत्तर दिले, असे त्यांनी आठवणींत लिहून ठेवले आहे. त्यांपैकी गॉटलीब झ्योन्गन या प्राध्यापकांना, घोषणा झालीच तर आपण काय कराल, असे एका चर्चेत विचारण्यात आले. तेव्हा ख्रिस्तसभा आपल्याहून शहाणी आहे हे आपण आठवू आणि आपल्या विद्वत्तेपेक्षा तिच्यावर अधिक विश्वास ठेवू, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. परंपरेला कागदोपत्री सिद्ध होणाऱ्या गोष्टींपुरते मर्यादित केले तर आल्टानर यांचे म्हणणे अटळ आहे, परंतु परंपरा ही जिवंत प्रक्रिया असल्यामुळे ख्रिस्तसभा पूर्वी न दिसलेली गोष्ट पुढे स्मरू शकते, असा निष्कर्ष रात्सिंगर यांनी काढला. नगरच्या लेकीने विचारलेला प्रश्न १९५० पूर्वी म्युनिकच्या वर्गात याच स्वरूपात उभा होता, एवढे नमूद करतो.

नगरची लेक

सर्वांचे मनापासून आभार. कॅथलिक उत्तर आता मला कळले: मरियेच्या देहान्ताची बातमी असा परंपरेचा अर्थ येथे नाही, शास्त्राचे वाचन करत प्रार्थना करणाऱ्या ख्रिस्तसभेची वाढती समज, असा आहे. पण मग त्या समजुतीला आवर कोण घालतो? भाविकांचे प्रेम आणि बिशपांचे एकमत एवढ्याने एखादी गोष्ट देवाने प्रकट केलेली ठरत असेल, तर उद्या कोणतीही लोकप्रिय भक्ती याच मार्गाने वर चढू शकेल. असे कधी थांबवले गेल्याचे उदाहरण आहे का? केवळ तत्त्व सांगू नका, कृपया घडलेली गोष्ट सांगा.

धर्मशिक्षक, वसई

आहे, आणि ते मरियेविषयीचेच आहे. तिला सहतारणकर्ती ही उपाधी श्रद्धासत्य म्हणून द्यावी, अशी मागणी विसाव्या शतकात अनेक देशांतून झाली आणि तिच्यासाठी असंख्य भाविकांच्या सह्या रोमला पोहोचल्या. मागणी करणाऱ्यांत बिशपही होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये मरियेवर पूर्ण एक अध्याय लिहिला, पण ही उपाधी त्यात वापरली नाही. रात्सिंगर यांनी पोप होण्यापूर्वीच स्पष्ट सांगितले होते की, ही उपाधी शास्त्राच्या आणि धर्मपित्यांच्या भाषेपासून फार दूर जाते आणि त्यामुळे गैरसमज होतो. पुढे ४ नोव्हेंबर २०२५ रोजी रोमच्या श्रद्धाविषयक विभागाने, पोप चौदावे लिओ यांच्या मान्यतेने, तिचा वापर अयोग्य असल्याचे जाहीर केले, कारण ख्रिस्ताचे एकमेव तारणकार्य तिने झाकोळले जाते. लोकांचे प्रेम येथे कमी नव्हते. तरीही शास्त्राने रेघ आखून दिली आणि अधिकाराने ती पाळली.

पाळकपुत्रांनी व्हिन्सेंट यांची कसोटी दिली, त्याला जोडून एवढेच सांगतो की त्याच ग्रंथात ते श्रद्धेच्या वाढीविषयीही लिहितात. बालकाचा देह वाढून प्रौढ होतो पण दुसऱ्याचा होत नाही, तशी ती वाढ असावी, असे ते म्हणतात. पहिल्या व्हॅटिकन परिषदेने १८ जुलै १८७० रोजी पोपचे अस्खलन (श्रद्धेविषयीच्या अंतिम निर्णयात पोप चुकत नाहीत, हे तत्त्व) जाहीर केले, तेव्हाही त्याच निर्णयात लिहिले की, पेत्राच्या वारसांना पवित्र आत्म्याचे वचन मिळाले ते नवी शिकवण प्रकट करण्यासाठी नव्हे, तर प्रेषितांकडून आलेली ठेव राखण्यासाठी. ही मर्यादा आमच्यावर इतरांनी घातलेली नाही. थोमस अक्वायनस यांच्याविषयीच्या आक्षेपाला माझे उत्तर असे आहे की, माणसाकडून त्याच्या काळात ख्रिस्तसभेने जे स्पष्ट केले होते तेवढेच मागितले जाते. निकेयापूर्वीच्या काही धर्मपित्यांची पुत्राविषयीची भाषाही नंतरच्या मापाने अपुरी होती आणि त्यांना आपण दोघेही दोषी धरत नाही.

पाळकपुत्र

सहतारणकर्तीचे उदाहरण माझ्या मते महत्त्वाचे आहे आणि ते मी मोकळ्या मनाने मान्य करतो: तेथे शास्त्र खरोखर न्यायाच्या आसनावर बसले. निकेयापूर्वीच्या धर्मपित्यांविषयीचे म्हणणेही विचार करायला लावणारे आहे. फरक मात्र उरतो. त्या धर्मपित्यांची अपुरी भाषा सुधारण्यासाठी शास्त्र पुढे ठेवता येत होते. १९५० चा निर्णय तपासण्यासाठी मी शास्त्र पुढे ठेवले, तर ते निर्णयाच्या विरुद्ध नाही एवढेच मला दाखवता येते. ते त्याची मागणी करते असे दाखवता येत नाही. सहतारणकर्ती या उपाधीला शास्त्राने अडवले, आणि स्वर्गोन्नयनाला अडवले नाही. न अडवणे म्हणजे प्रकट करणे नव्हे.

अँग्लिकन आणि रोमन कॅथलिक यांच्या संयुक्त आयोगाने मे २००५ मध्ये सिअॅटल येथे मरियेविषयीचे आपले निवेदन प्रसिद्ध केले, त्याचा उल्लेख येथे करणे आवश्यक आहे. देवाने मरियेला तिच्या संपूर्ण व्यक्तित्वासह आपल्या वैभवात घेतले ही शिकवण शास्त्राशी सुसंगत आहे आणि शास्त्राच्या प्रकाशातच ती समजून घेता येते, असे दोन्ही बाजूंच्या सदस्यांनी एकत्र म्हटले. आमच्या घरातील ज्येष्ठांना हे वाक्य वाचून दाखवले, तेव्हा त्यांनाही ते पटले. ताईंची अडचण ज्या वाक्यापाशी सुरू होते, तेथे मात्र तो आयोगही थांबला. भविष्यात पूर्ण ऐक्य झाले तर १८५४ आणि १९५० च्या व्याख्या स्वीकारणे ही अट असेल का, असा अँग्लिकनांचा प्रश्न निवेदनात नोंदवला आहे; आणि काहींसाठी बंधनकारक व काहींसाठी ऐच्छिक अशा शिकवणीवर उभे असलेले ऐक्य कॅथलिकांना कल्पिणे कठीण जाते, हेही त्याच निवेदनात लिहिले आहे.